कूलरमधली काबरी

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते,
नाईक तलावाकडच्या तारांवर पतंग अजून लोंबत होते,
तेव्हा काबरी संडासामागून आली
उजवा पाय पोटाशी धरून,
मुठीत पैसे दडवल्यासारखा.

मी मशीन थांबवलं. बाही तशीच सुईखाली.
उचललं तर काहीच वजन नाही,
फक्त छाती पिको मशीनसारखी चाललेली.
पंजाच्या जरा वर, बोटं फुटतात तिथे,
नायलॉनचा मांजा. हिरवा.
इतका रुतलेला की आधी दिसलाच नाही,
दिसला तो खालचा सुजलेला, जांभळा पंजा.

हेडाऊबाई भिंतीवरून वाकल्या.
"आता काय ठेवतं तिले? रविवार हाय आज.
मसाला मी वाटून देतो."
मी म्हटलं, अंडी देते ती.
खोटं होतं. दिवाळीपासून एकही नव्हतं.

कात्री आत जाईना.
शिवण उसवायचा काटा दोनदा लावला,
दोनदा रक्त आलं.
खाटेवरून मामाजी म्हणाले, "आण इकडं."

मामाजींना मोतीबिंदू.
ताटात भाजी कोणती, ते विचारून जेवतात.
पण चाळीस वर्षं मागावर बसलेले,
लाइट गेल्यावरही तुटलेला ताणा सांधणारे.
त्यांनी पाय दोन बोटांत धरला,
आंगठा धोतराला पुसला
आणि नुसते थांबले.
काबरीही गप्प.
"सुताले ओढाचं नाई," म्हणाले,
"टोक असतेच त्याले. ते येते आपल्या बोटाशी."

नऊ वेढे निघाले. मी मोजले.
हिमांशू दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.
पलंगाखाली त्याची चक्री आहे,
तिच्यावरचा मांजाही हिरवाच,
हे त्याला माहीत, मला माहीत.
चार दिवसांपूर्वी ह्याच गच्चीवरून
"ओ काट" ओरडून त्याचा घसा बसला होता.
मी काही बोलले नाही.
थोड्या वेळानं तो आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आला,
धुऊन आणल्या होत्या.

परसात पोतं पांघरून कूलर उभा.
जानेवारीत त्याला कोण विचारतं.
एका बाजूची जाळी काढली,
जुन्या वाळ्यावर ब्लाऊजच्या कातरणी अंथरल्या,
आणि काबरीला आत बसवलं
अर्ध्या मोहल्ल्याच्या उरलेल्या रंगांवर.
मिठाचं कोमट पाणी, हळद, खोबरेल,
सकाळी एकदा, मशीन बंद केल्यावर एकदा.
कण्या ती हिमांशूच्या तळहातावरून खायची.
माझ्याकडे पाठ.
काटा मी लावला होता.

मधलं बोट काळं पडलं, मग वाळलं,
एका सकाळी कातरणींत सापडलं, लवंगेएवढं.
ते टाकायचं कुठे, कळेना.
कचरागाडी गाणं वाजवत आली, गेली.
शेवटी कढीपत्त्याखाली पुरलं.
खड्डा गरजेपेक्षा खोल झाला.

होळी उलटली, पारा चाळिसाकडे निघाला.
ह्यांनी नवा वाळा आणला, पंप घासून धुतला.
"काढ तिला आता."
काढली.
तिनं परसाला एक फेरी मारली,
भांडी घासायच्या दगडापाशी कलंडली, सावरली,
आणि पुन्हा कूलरमध्ये.
दुसऱ्यांदा काढली, पुन्हा आत.
हे वाळा हातात धरून बराच वेळ उभे होते.

तर सध्या आम्ही गच्चीवर झोपतो.
हेडाऊबाई रोज भिंतीवरून विचारतात, "देल्लं का?"
परवा किराणा दुकानातून दोन अंडी आणली,
कातरणींत थोडी लोळवली
आणि त्यांना नेऊन दिली.
"गावरानी अंड्याची चवच न्यारी," त्या म्हणाल्या.

मामाजी दुपारी डोळे मिटून पडलेले असतात.
तो हिरवा मांजा त्यांनी रिकाम्या कांडीवर
एकही गाठ न ठेवता गुंडाळलाय, उशाशी ठेवलाय,
फेकू देत नाहीत.
परसात टक, टक, मग जरासं घासल्यासारखं वाजतं.
"निंघाली," ते म्हणतात,
आणि कूस बदलतात.